कोणत्या कप्प्यातला हा आवाज?

  आजचं भाषण एका गायिकेबद्दल आणि तिच्या पहिल्या अल्बमबद्दल आहे. मराठी घरात नुसतं ‘आशा’ म्हटलं की आशा भोसले यांचाच आवाज कानात सुरू होतो, त्यामुळे पूर्ण नाव आधीच सांगतो. या गायिका म्हणजे आशा पुथली. जन्म १९४५ सालचा, मुंबईचा. १९७३ साली सीबीएस या मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपनीने त्यांचा पहिला अल्बम युरोपात प्रसिद्ध केला. अल्बमचं नावही ‘आशा पुथली’ असंच होतं.

त्या अल्बममध्ये जॅझ आहे, रॉक आहे, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं सोल संगीत आहे, आणि या सगळ्याच्या खाली हिंदुस्थानी रागसंगीतात तयार झालेला गळा आहे. आपल्यापासून लोकलने तास-दीड तासावर असलेल्या शहरात वाढलेल्या मुलीने हे काम केलं, तरी आपल्या घरांत तिचं नाव फारसं पोचलं नाही. असं का झालं, ते आज बघू.

आधी जॅझबद्दल थोडं. आपल्यापैकी अनेकींना हा शब्द हॉटेलातल्या वाजंत्रीचा किंवा जुन्या सिनेमातल्या क्लबमधल्या गाण्याचा वाटतो. जॅझचा जन्म विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत, न्यू ऑर्लिन्स शहराच्या आसपास झाला. ज्यांच्या आजी-आजोबांनी गुलामगिरी भोगली होती, अशा आफ्रिकी वंशाच्या लोकांनी ते घडवलं. त्यांच्या शेतातल्या हाका, चर्चमधली भजनं, लष्करी बँडची पितळी वाद्यं आणि युरोपातल्या नाचांच्या चाली, असं सगळं त्यात आलं. म्हणजे जॅझ जन्मापासूनच मिश्र आहे.

त्याची रीत मात्र आपल्याला परकी वाटू नये. आधी गाण्याची मूळ चाल वाजवायची, मग एकेकाने तिच्यावर तिथल्या तिथे सुचेल तसा विस्तार करायचा आणि शेवटी पुन्हा चालीवर यायचं. ख्यालात बंदिशीचा मुखडा घेऊन गायिका आलाप-तानांत जाते आणि समेवर परत येते, तसंच काहीसं. जॅझमधल्या गायिका शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर गातात, तेव्हा तराणा आठवतो. एक मोठा फरक आहे. आपल्याकडे तंबोऱ्याच्या एका षड्जावर एकच सुरावट पुढे जात राहते. पाश्चात्त्य संगीतात एका वेळी अनेक स्वर मिळून एक थर तयार करतात. त्याला कॉर्ड म्हणतात, आणि हे थर ठरलेल्या क्रमाने बदलतात. गाणाऱ्याला त्या बदलत्या थरांवरून चालावं लागतं. हा फरक लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

जॅझ मुंबईत आला तो १९३० च्या दशकात. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यांच्या मागोमाग आणखी कलावंत आले. त्यांच्याकडून हे संगीत उचललं ते मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत असत. ही मुलं पोटासाठी मुंबईला आली, हॉटेलांत वाजवू लागली आणि पुढे सिनेमाच्या स्टुडिओत शिरली. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक. पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांनी त्यांना सोबत घेऊन १९५१ च्या ‘अलबेला’ सिनेमाचं संगीत केलं. आपल्या आया-आज्यांनी जॅझ हा शब्द ऐकलाही नसेल, पण त्या सिनेमातल्या गाण्यांवर त्यांचे पाय नक्की थिरकले असतील.

याच काळात आकाशवाणीवर काय चाललं होतं? आज आपण रेडिओवरूनच बोलतो आहोत, म्हणून हा भाग थोडा सविस्तर सांगतो. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, बंदी घातली. पेटी मूळची युरोपातली. तिचे स्वर आधीच बांधलेले असतात. मींड, आंदोलन, श्रुतींचे बारकावे त्यात येत नाहीत, म्हणून ती आपल्या संगीताला बिघडवते, असं म्हणणं होतं. ही बंदी सुमारे तीस वर्षं टिकली आणि १९७१ साली ती सैल झाली. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. लोकांनी काय केलं? त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. शेवटी १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली.

केसकरांना शास्त्रीय संगीताची कळकळ होती, हे मान्य केलं पाहिजे. शास्त्रीय संगीत घराघरांत पोचवण्यात आकाशवाणीचा वाटा मोठा आहे. पण शुद्ध काय आणि भेसळ काय हे एका कार्यालयात ठरलं की त्याचा भार कलावंतांवर पडतो, आणि त्यातही बायकांवर जास्त पडतो. स्वातंत्र्याच्या सुमारास आकाशवाणीने जुन्या गाणाऱ्या घराण्यांतल्या अनेक बायकांना, त्यांच्या खासगी आयुष्याकडे बोट दाखवून, दार बंद केलं होतं. पुरुषाचं गाणं तपासताना असा प्रश्न कुणी विचारत नव्हतं.

अशा मुंबईत आशा पुथली मोठ्या झाल्या. स्वातंत्र्यलढ्यातल्या आणि हस्तकलांना नवं जीवन देणाऱ्या कमलादेवी चट्टोपाध्याय त्यांच्या नात्यातल्या. लहानपणी त्या हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत शिकल्या आणि पाश्चात्त्य ऑपेराची गायकीही शिकल्या. जॅझ त्यांना कुणी वर्गात बसवून शिकवला नाही. तो त्यांनी रेडिओवर ऐकला. परदेशी केंद्रं तेव्हा लघुलहरींवर लागत. एका बाजूला सरकारी रेडिओ संगीताला कुंपण घालत होता, तर दुसऱ्या बाजूला तोच खोका कुंपणापलीकडचं संगीत घरात आणत होता.

१९६० च्या दशकाच्या शेवटी मुंबईतल्या ‘द सर्फर्स’ या वाद्यवृंदाबरोबर त्यांची एक छोटी तबकडी निघाली. लेखक वेद मेहता तेव्हा भारतभर फिरून लिहीत होते. त्यांच्या १९७० साली आलेल्या ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ या पुस्तकात मुंबईतल्या जॅझबद्दल आणि या तरुण गायिकेबद्दल मजकूर आहे. पण मुंबईत जॅझ गाऊन पुढे जाता येईल असा मोठा रस्ता नव्हता. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर क्लबांचं वैभव ओसरत गेलं होतं आणि सिनेमाच्या पार्श्वगायनात ठरावीक आवाजांचं राज्य होतं. आशा पुथली यांनी एका ब्रिटिश विमान कंपनीत हवाई सुंदरीची नोकरी धरली. ज्या गावांत जॅझ वाजतो त्या गावांना जाण्याचा तो एक मार्ग होता. पुढे न्यूयॉर्कला मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या तिथे राहिल्या.

न्यूयॉर्कमध्ये त्यांचा आवाज जॉन हॅमंड यांच्या कानावर गेला. बिली हॉलिडे, अरिथा फ्रँकलिन, बॉब डिलन यांना सुरुवातीला ओळखणारा हा पारखी माणूस. त्यांच्यामार्फत आशा पुथली सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्यापर्यंत पोचल्या. सप्टेंबर १९७१ मध्ये कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बमचं ध्वनिमुद्रण झालं. त्यातली दोन गाणी त्यांनी गायली. अल्बम १९७२ साली बाजारात आला आणि ‘डाउनबीट’ या अमेरिकेतल्या मानाच्या जॅझ मासिकाच्या समीक्षकांनी या नव्या गायिकेची दखल घेतली.

आता मघाचा फरक आठवा. कोलमन यांनी जॅझमध्ये बंड केलं होतं ते नेमकं त्या कॉर्डच्या थरांविरुद्ध. त्यांच्या वाद्यवृंदात बहुतेक वेळा पियानो नसे. ठरलेल्या क्रमाने बदलणारे थर सोडून द्यायचे आणि सुरावट नेईल तिकडे जायचं, असा त्यांचा रस्ता. कॉर्डच्या आधाराने गायची सवय झालेल्या गायिकेला असं गाणं म्हणजे कठडा नसलेला जिना वाटेल. पण ज्या मुलीने लहानपणापासून एका षड्जावर राग मांडला होता, तिला त्या कठड्याची सवयच नव्हती. जॅझच्या जगात सगळ्यांत अवघड मानलं जाणारं गाणं तिच्या रियाझाच्या सगळ्यांत जवळचं निघालं. आम्हाला या गोष्टीतलं हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तिला संधी नशिबाने मिळाली असेल, पण ती पेलली ती रियाझाच्या जोरावर.

एवढं नाव झाल्यावर अमेरिकेतल्या कंपन्या धावत येतील असं वाटेल. तसं झालं नाही. त्याचं कारण समजायला तिथल्या दुकानांची मांडणी बघावी लागते. अमेरिकेत तबकड्यांचे कप्पे आधीपासूनच माणसांच्या रंगावर पडलेले होते. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकात कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची यादीच वेगळी असे, आणि तिला उघड उघड वंशाचं नाव होतं. १९४९ साली ते नाव बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केलं, पण यादी वेगळीच राहिली. गोऱ्यांसाठी पॉप, काळ्यांसाठी सोल, आणि भारतीय म्हटलं की सतार. साडी नेसणारी मुंबईची मुलगी इंग्रजीत जॅझ आणि सोल गाते, तर तिची तबकडी ठेवायची कुठे?

शेवटी अल्बम झाला तो युरोपात. १९७३ च्या त्या अल्बमचे निर्माते होते डेल न्यूमन. एल्टन जॉन आणि कॅट स्टीव्हन्स यांच्या गाण्यांना व्हायोलिनांची साथ बांधून देणारे म्हणून ते नावाजलेले होते. अल्बममध्ये बहुतेक गाणी इतरांनी आधी गायलेली आहेत. बीटल्समधले जॉर्ज हॅरिसन यांचं ‘आय डिग लव्ह’ आहे, अमेरिकेच्या ओक्लाहोमाचे जे. जे. केल यांची गाणी आहेत, सोल गायक बिल विदर्स यांचं गाणं आहे. दुसऱ्याचं गाणं आपलं करून गाण्याची जॅझ गायिकांची जुनी परंपरा आहे. आपल्याकडे एकच बंदिश दहा गायिका दहा तऱ्हांनी मांडतात, त्यात कुणाला उसनवारी वाटत नाही, तसंच हे.

हॅरिसन यांचंच गाणं निवडलं गेलं याची आम्हाला गंमत वाटते. हे गृहस्थ १९६६ साली भारतात येऊन पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकले होते. त्यानंतर पाश्चात्त्य गाण्यांत सतारीची फॅशनच आली. बाहेरचा माणूस आपल्या संगीतातून एक वाद्य उचलून आपल्या गाण्यात ठेवत होता. आशा पुथली उलट्या दिशेने निघाल्या. त्यांच्या गाण्यातलं भारतीयपण आवाज लावण्याच्या तऱ्हेत आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना पायरी न दिसता घसरत जाणं, श्वास स्वरात मिसळू देणं, वरच्या सप्तकात आवाज बारीक करूनही सुरात ठेवणं. कान तयार असला तर तो रियाझ ऐकू येतो. नसला तर ते फक्त एक गोड इंग्रजी गाणं वाटतं.

पुढे १९७६ साली ‘द डेव्हिल इज लूज’ हा अल्बम आला. त्यातलं ‘स्पेस टॉक’ हे गाणं न्यूयॉर्कच्या नाचाच्या मैफलींत वर्षानुवर्षं वाजत राहिलं. १९९७ साली नटोरियस बी.आय.जी. या रॅप गायकाच्या अल्बममध्ये त्याचा तुकडा वापरला गेला. ज्या तरुणांनी आशा पुथली हे नाव कधी ऐकलं नव्हतं, त्यांच्या कानांवर तो सूर असा पोचला. आज जगभरच्या जाणकारांत त्यांचं नाव आदराने घेतलं जातं आणि जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्त्या निघतात. आपल्याकडे मात्र त्यांना शास्त्रीयवाल्यांनी आपलं मानलं नाही, सिनेमावाल्यांच्या यादीत त्या नव्हत्या, आणि मराठी वाचकाला सांगायला कुणी आलं नाही.

त्यांच्या शेजारी आणखी एक नाव ठेवून बघा. लॉर्ना कॉर्देरो. जन्म मुंबईचाच, १९४६ चा. मडगावचे संगीतकार ख्रिस पेरी यांच्या चालींवर त्यांनी कोंकणीत गायलं. पितळी वाद्यांचा जॅझ, लॅटिन अमेरिकेचा ठेका आणि गोव्याची बोली. ‘बेबदो’ हे त्यांचं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं गाणं आजही गोव्यातल्या लग्नांत वाजतं. मध्ये अनेक वर्षं त्या रंगमंचापासून दूर होत्या. १९९५ साली परत आल्या, तेव्हा गोवा त्यांना विसरला नव्हता. मिश्रण दोघींचंही होतं. लॉर्ना यांचं गाणं स्वतःच्या बोलीत होतं, म्हणून त्यांना घर मिळालं. आशा पुथली यांचं इंग्रजीत होतं, म्हणून त्यांना जग मिळालं आणि घर दुरावलं. यात कुणाचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही. पण बाईच्या कलेची आठवण कोण ठेवतं, याचा विचार यावरून जरूर करावा.

आणि मिसळ ही आपल्या गावांना काही नवी नाही. अंबरनाथचं शिवमंदिर बघा. शिलाहारांच्या काळात, १०६० साली ते बांधून झालं. त्याच्या शिखराची भूमिज शैली माळव्याकडे बहरलेली आणि दगड आपल्या कोकणातला काळा कातळ. त्याला कुणी भेसळ म्हणत नाही, आपण श्रावणात रांगा लावतो. उल्हासनगर दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथल्या बराकींत राहिली आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. घर, शेत, दुकान मागे राहिलं, पण बायकांनी लग्नातली गाणी, लाडा, गळ्यात आणली. आज त्याच लग्नात ढोल, बँजो आणि सिनेमाची गाणीही वाजतात. आणि जी पेटी तीस वर्षं रेडिओच्या दाराबाहेर होती, तिच्यावाचून बदलापूरच्या भजनी मंडळाचं पान हलत नाही.

आपल्या तिन्ही गावांत कितीतरी मुली गांधर्वच्या परीक्षा देतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा. दहावी आली की क्लास सुटतो, लग्न ठरलं की तंबोरा माळ्यावर जातो. ज्या चालू ठेवतात त्यांना घरातून विचारलं जातं, शास्त्रीय करणार की सुगम? एखादीने गिटार घेऊन इंग्रजी गाणं म्हटलं तर म्हणतात, एवढी वर्षं शिकली ती फुकट घालवली. आशा पुथली यांची गोष्ट या वाक्याला उत्तर आहे. त्यांनी लहानपणी गळ्यावर बसवलेले स्वर न्यूयॉर्कच्या स्टुडिओत उपयोगी पडले, तेही कुणी कल्पना केली नसेल अशा जागी. शिकलेलं वाया जात नाही. ते कुठे उगवेल एवढंच आधी सांगता येत नाही. फक्त त्यासाठी आधी नीट शिकलेलं असावं लागतं. अर्धवट इकडचं आणि अर्धवट तिकडचं घेऊन असं गाणं होत नाही.

जाता जाता एक काम सांगतो. मोबाइलवर आशा पुथली यांचं ‘आय डिग लव्ह’ शोधा. इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी चालेल. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा एका स्वरावरून दुसऱ्यावर त्या कशा जातात तिकडे लक्ष द्या. घरात गाणं शिकणारी मुलगी असेल तर तिला शेजारी बसवा आणि मींड कुठे ऐकू आली ते तिलाच विचारा. तिचं उत्तर आम्हाला पत्राने कळवा, पुढच्या वेळी वाचून दाखवू. नमस्कार.